मयूरासनाची तयारी पोटापासून करावी

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : वय छत्तीस, दोन वर्षांचा नियमित सराव, बकासन पाऊण मिनिट सहज टिकते, परंतु मयूरासन, म्हणजे तळवे जमिनीवर रोवून सरळ शरीर कोपरांवर आडवे तोलण्याचे आसन, करताना कोपरे पोटावरून घसरतात, पाय उचलले की चेहरा जमिनीकडे झेपावतो आणि दुसऱ्या दिवशी मनगटे दुखतात. रात्री अधूनमधून आम्लपित्ताचा त्रास होतो, आणि मयूरासनाने पचन सुधारते असे वाचनात आल्यामुळे ते लवकर साधावे, अशी आपली इच्छा आहे. या प्रत्येक गोष्टीचे उत्तर मी देणार आहे, मात्र आम्लपित्ताचा मुद्दा आपण शेवटी सहज जोडला असला तरी माझ्या दृष्टीने तो सर्वांत आधी विचारात घेण्यासारखा आहे.

बकासन येणाऱ्या साधकाला मयूरासन फार दूर नाही असे वाटते, आणि या समजुतीतूनच बहुतेक दुखापती होतात. बकासनात शरीर तळहातांवर तोलले जाते, गुडघे दंडांवर टेकतात, शरीर आखडून लहान होते आणि पोट पूर्णपणे मोकळे राहते. तेथे प्रश्न खांदे, मनगटे आणि तोल यांचाच असतो. मयूरासनात मात्र सर्व शरीराचा भार दोन कोपरांच्या टोकांवर येतो आणि ती कोपरे शरीराच्या अशा भागात रुतलेली असतात जेथे हाडांचे कोणतेही कवच नाही. साठ-सत्तर किलो वजनाचा माणूस आपल्या पोटाच्या स्नायूंवर तोललेला असतो. म्हणून हे हातांवरचे आसन मानून केवळ दंड आणि मनगटे बळकट करत बसणारा साधक तयारीचा मोठा भाग वगळतो. हात महत्त्वाचे आहेतच, पण मयूरासन सुरक्षित होणे हे पोटाची भिंत कोपरांना किती समर्थपणे प्रतिकार करते यावर ठरते.

हा प्रतिकार म्हणजे काय, ते नीट समजून घ्यावे. पोटाच्या पुढच्या बाजूला उभे, तिरके आणि आडवे असे स्नायूंचे थर आहेत. ते एकत्र आकुंचन पावले की पोट ताठ होते आणि कोपरांचा दाब सर्व पृष्ठभागावर वाटला जातो. ते ढिले राहिले तर कोपरे थेट आत रुततात, आतड्यांवर आणि जठरावर एकाच ठिकाणी दाब येतो, आणि त्यामागे कण्यालगत असलेल्या महाधमनीपर्यंतही तो पोहोचतो. या आसनात काही क्षण शरीराच्या खालच्या भागाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी होतो आणि आसन सोडल्यावर पुन्हा वाढतो, असे जे सांगितले जाते त्याचा आधार हाच दाब आहे. निरोगी माणसाला थोड्या सेकंदांसाठी हे सहज सोसते. ज्याचे हृदय, रक्तवाहिन्या किंवा पोटातील अवयव निरोगी नाहीत, त्याच्यासाठी मात्र हीच गोष्ट धोक्याची ठरते.

आपल्या परंपरेने ही जागा अतिशय नेमकी सांगितली आहे. पंधराव्या शतकातील स्वात्मारामांच्या हठप्रदीपिका या हठयोगावरील ग्रंथाच्या पहिल्या उपदेशात, म्हणजे अध्यायात, जी पंधरा आसने वर्णिली आहेत त्यांत मयूरासन आहे, आणि त्याचा श्लोक असा आहे : ‘धरामवष्टभ्य करद्वयेन तत्कूर्परस्थापितनाभिपार्श्वः । उच्चासनो दण्डवदुत्थितः खे मायूरमेतत्प्रवदन्ति पीठम् ॥’ दोन्ही हातांनी जमिनीचा आधार घ्यावा, कोपरांवर नाभीच्या दोन्ही बाजू ठेवाव्यात आणि दंडासारखे सरळ होऊन अधांतरी उठावे, असा त्याचा अर्थ. कोपरे फासळ्यांच्या कडेवर नकोत, छातीच्या हाडाखालच्या खळगीत तर मुळीच नकोत आणि ओटीपोटात खोलवरही नकोत. ती नाभीच्या दोन्ही बाजूंना, फार तर किंचित खाली असावीत. घेरंडसंहिता या हठयोगावरील दुसऱ्या ग्रंथातील बत्तीस आसनांतही मयूरासन आहे आणि तेथेही नाभीच्या बाजू हीच जागा सांगितली आहे.

याच ठिकाणी हठप्रदीपिकेतील पुढच्या श्लोकाविषयीचा गैरसमजही दूर करायला हवा. त्यात मयूरासन गुल्म (पोटातील गोळा), उदर (पोट फुगण्याचा विकार) इत्यादी रोग हरण करते, अतिप्रमाणात खाल्लेले निकृष्ट अन्न भस्म करते, जठराग्नी प्रदीप्त करते आणि कालकूट विषसुद्धा पचवते, असे म्हटले आहे. ही आसनाची स्तुती आहे. दीर्घकाळ मिताहारात राहून साधना करणाऱ्या माणसासमोर ती मांडलेली आहे आणि त्याच ग्रंथात मिताहाराचा आग्रहही तितकाच ठळक आहे. लग्नाच्या पंगतीत जड जेवण झाले म्हणून दोन तासांनी मयूरासन करून पाहणारे लोक मला भेटले आहेत. भरल्या पोटावर कोपरे रोवली की जठरातील अन्न आणि आम्ल वर ढकलले जाण्याखेरीज दुसरे काही साधत नाही. रोगावर उपाय म्हणून हे आसन शिकू नये. रोग नसताना पचनसंस्था चांगली राहावी म्हणून ते अवश्य करावे.

म्हणून आपल्या आम्लपित्ताविषयी माझे मत स्पष्ट आहे. रात्री आडवे झाल्यावर छातीत जळजळ होते, आंबट पाणी घशाशी येते, अशी लक्षणे असतील तर जठर आणि अन्ननलिका यांच्यामधली झडप सैल असण्याची किंवा जठराचा भाग छाती आणि पोट यांमधल्या पडद्यातून वर सरकलेला असण्याची शक्यता असते. अशा स्थितीत पोटातील दाब वाढवणारे कोणतेही आसन त्रास वाढवते, आणि दाब वाढवण्यात मयूरासनाइतके थेट आसन दुसरे क्वचितच असेल. आधी वैद्यकीय तपासणी करून घ्यावी, रात्रीचे जेवण लवकर आणि हलके करावे, आणि काही आठवडे हा त्रास पूर्ण थांबलेला असेल तेव्हाच पोटावर भार घेण्याचा सराव सुरू करावा. तोपर्यंत पुढे सांगितलेली मनगटांची, खांद्यांची आणि पाठीची तयारी करण्यास काहीच अडचण नाही. तो वेळ मुळीच वाया जात नाही, कारण त्या तयारीलाच काही महिने लागतात.

हे आसन कोणी करू नये याची यादी लांब आहे, आणि ती शिक्षकाने विचारण्याची वाट न पाहता साधकाने स्वतःच तपासावी. उच्च रक्तदाब, हृदयविकार, महाधमनीचा फुगवटा, नाभीजवळचा किंवा जांघेतला हर्निया, जठराचा किंवा आतड्याचा व्रण, आतड्याला सूज असणारे आजार, यकृत किंवा प्लीहा वाढलेली असणे, पोटावरची अलीकडची शस्त्रक्रिया, गर्भावस्था आणि बाळंतपणानंतरचे महिने, काचबिंदू, मनगटातील नस दबण्याचा विकार किंवा मनगटाचे जुने अस्थिभंग, यांपैकी काहीही असेल तर मयूरासन टाळावे. हिवतापातून नुकत्याच उठलेल्या माणसाची प्लीहा मोठी आणि नाजूक असू शकते. ताप उतरला, अंगात ताकद आली, म्हणून लगेच या आसनाकडे वळू नये.

मधुमेहाविषयी थोडे अधिक सांगणे आवश्यक आहे, कारण स्वादुपिंडावर दाब येतो म्हणून मधुमेहात मयूरासन करावे, असा सल्ला सर्रास दिला जातो. स्वादुपिंड पोटात पाठीच्या कण्यालगत खोल असते आणि कोपरांच्या दाबाने त्याचे कार्य सुधारेल अशा भरवशावर कोणी औषध कमी करू नये. त्याहून मोठी गोष्ट अशी की हे आसन रिकाम्या पोटी करायचे असते, आणि इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीने सकाळी उपाशीपोटी जोराचा व्यायाम केला तर रक्तातील साखर अचानक खाली जाऊ शकते. इन्सुलिन अनेकजण पोटावरच टोचून घेतात. त्याच जागेवर कोपरे दाबली तर ते शोषले जाण्याचा वेग बदलू शकतो, हेही लक्षात ठेवावे. मधुमेही व्यक्तीने आपल्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय हे आसन शिकण्याचा विचार करू नये.

आता प्रत्यक्ष तयारीकडे येतो. जेवणानंतर किमान पाच तास गेलेले असावेत आणि शौच झालेले असावे; सकाळची वेळ यासाठी उत्तम. घड्याळ, बांगड्या, अंगठ्या, चष्मा काढून ठेवावा आणि गळ्यातील साखळी काढावी किंवा मागे सारावी. पायजम्याच्या नाडीची गाठ बरोबर जेथे कोपर टेकते तेथेच येते, याकडे कोणाचे लक्ष जात नाही. ती बाजूला सरकवावी किंवा बिननाडीचा, मऊ पट्ट्याचा पोशाख घालावा. आपली कोपरे घसरतात त्यामागे एक साधे कारण कपडा हेही असू शकते. व्यायामासाठी मिळणाऱ्या गुळगुळीत कृत्रिम धाग्याच्या सदऱ्यावर घाम आला की कोपर टिकत नाही. अंगाला बसणारा सुती सदरा घालावा. कोपराचे हाड टोचत असेल तर पातळ सुती टॉवेलची एक घडी मध्ये ठेवण्यास हरकत नाही, मात्र जाड घडी ठेवली तर कोपर नेमके कोठे टेकले आहे ते कळेनासे होते.

मनगटांच्या वेदनेचे कारण आसनाच्या रचनेत शोधावे लागेल. तळवे जमिनीवर आणि बोटे पायांच्या दिशेला असतात. कोपरापुढचा हात अगदी उभा असेल तर मनगट काटकोनात वाकते. खांदे पुढे, म्हणजे डोक्याच्या दिशेने गेले की हा कोन मोकळा होतो आणि मनगटावरचा ताण कमी होतो. पुष्कळ साधक मात्र पुढे सरकण्याची भीती वाटल्यामुळे धड मागेच ठेवतात आणि पाय जोर लावून वर उचलू पाहतात. तेव्हा मनगट काटकोनाहून अधिक दुमडते आणि त्याच अवस्थेत त्यावर भार येतो. आपले मनगट दुसऱ्या दिवशी दुखते त्याचे कारण बहुधा हेच असावे. एक चाचणी स्वतः करून पहावी. छातीसमोर नमस्कारात तळवे पूर्ण जुळवून, ते एकमेकांपासून सुटू न देता, कोपरे बाजूला वर उचलून दोन्ही हातांचे कोपरापुढील भाग एका आडव्या रेषेत आणावेत. तेथे वेदना होत असेल किंवा तळवे सुटत असतील तर मनगटे अजून काटकोनात भार घेण्यास तयार नाहीत.

ही तयारी रोज पाच मिनिटे करावी. गुडघ्यांवर बसून तळवे पुढे टेकवावेत, बोटे गुडघ्यांकडे करावीत आणि कोपरे सरळ ठेवून कंबर सावकाश मागे न्यावी. हाताच्या आतल्या बाजूला ताण जाणवला की थांबून पाच-सहा श्वास घ्यावेत. त्यानंतर तळहात उलटे करून, म्हणजे हाताची पाठ जमिनीला लावून, अगदी हलका ताण द्यावा. प्रत्यक्ष आसनात सर्व भार मनगटाच्या मुळाशी साचू देऊ नये. अंगठ्याचे आणि तर्जनीचे मूळ जमिनीत दाबावे आणि बोटे पसरून त्यांच्या टोकांना काम द्यावे. करंगळीच्या बाजूची कड दुखते तेव्हा भार त्याच बाजूला गेलेला असतो. जाड, मऊ मॅटवर हे आसन करू नये, कारण तळव्याचे मूळ त्यात रुतते आणि मनगट अधिकच दुमडते. पातळ सतरंजी किंवा पातळ मॅट आणि खाली कठीण जमीन हीच योग्य जागा आहे. मनगट थोडे कडक असणाऱ्यांनी तळव्याच्या मुळाखाली घट्ट चादरीची तिरपी घडी ठेवली तर कोन सुसह्य होतो.

कोपरे जवळ आणणे हा पुढचा अडसर आहे. दोन्ही कोपरे एकमेकांना टेकलेली किंवा जेमतेम दोन बोटांच्या अंतरावर असली पाहिजेत. ती लांब राहिली की पोटाच्या बाजूंवरून बाहेर निसटतात आणि धड सरळ खाली कोसळते. हे जमण्यासाठी खांदे बाहेरच्या दिशेने वळले पाहिजेत आणि पाठीचा वरचा भाग थोडा रुंद झाला पाहिजे. दंडांच्या भोवती, कोपरांच्या किंचित वर, एक पट्टा बांधून सराव केल्यास कोपरे बाहेर जात नाहीत. पुण्यात बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, ठोकळे, लोड, खुर्च्या अशा साधनांच्या आधाराने कठीण आसने सामान्य शरीरांना साध्य करून देण्याची जी पद्धत विकसित केली, तिचा लाभ या आसनात विशेष होतो. साधन वापरणे म्हणजे आसन अपुरे करणे, असा एक हट्ट आपल्याकडे आढळतो. मला तो मान्य नाही. पट्टा बांधून एकाच जागी टिकलेले कोपर हे पट्ट्याविना दहा वेळा घसरलेल्या कोपरापेक्षा अधिक शिकवते.

बळाच्या तयारीसाठी मी चार गोष्टींवर भर देतो आणि त्यांत शलभासनाला, म्हणजे पालथे झोपून पाय मागे वर उचलण्याच्या आसनाला, पहिले स्थान देतो. मयूरासनात पाय वर येतात ते पाठीच्या, नितंबांच्या आणि मांड्यांच्या मागच्या स्नायूंमुळे, आणि शलभासन नेमके हेच स्नायू घडवते. दोन्ही पाय गुडघ्यांत न वाकवता अर्धा मिनिट शांत श्वासासह टिकले पाहिजेत. दुसरे चतुरंग दंडासन, म्हणजे तळवे आणि पायांची बोटे यांवर शरीर जमिनीलगत आडवे धरणे, ज्यात कोपरे बरगड्यांना चिकटून राहतील आणि कंबर खाली लोंबणार नाही अशा रीतीने वीस सेकंद थांबता यावे. तिसरे नौकासन, म्हणजे नितंबांवर बसून पाय आणि धड उचलून धरणे, पोटाच्या स्नायूंसाठी. चौथे उड्डियान बंध, म्हणजे श्वास पूर्ण सोडून पोट आत-वर ओढणे. त्यात पोट आत जाते आणि मयूरासनात ते बाहेरून दाबले जाते, म्हणजे क्रिया वेगळ्या आहेत. परंतु उड्डियानाच्या नियमित सरावाने पोटाची भिंत घट्ट आणि ढिली करण्यावर जे नियंत्रण येते ते येथे उपयोगी पडते. उड्डियान आणि नौली (पोटाचे उभे स्नायू वेगळे काढून फिरवण्याची क्रिया) यांच्या वेळी शरीरात काय घडते याचा प्रयोगशाळेतील अभ्यास स्वामी कुवलयानंदांनी हाती घेतला होता, आणि १९२४ मध्ये त्यांनी लोणावळ्यात स्थापन केलेल्या कैवल्यधाम या योगसंस्थेत ही परंपरा पुढे चालू राहिली. योगक्रियेतील दाब ही मोजण्याजोगी, प्रत्यक्ष घडणारी गोष्ट आहे, ही दृष्टी या अभ्यासाने दिली आणि मयूरासनासारख्या आसनाकडेही आपण त्याच दृष्टीने पहावे.

पोट भार सोसण्यास तयार आहे का, हे जमिनीवरच तपासता येते. गुडघे जमिनीवर टेकलेले ठेवूनच तळवे गुडघ्यांच्या मध्ये ठेवावेत, बोटे मागे, कोपरे जुळवून नाभीच्या बाजूंना लावावीत आणि कपाळ समोर जमिनीवर टेकवावे. आता शरीराचा थोडा थोडा भार कोपरांवर सोडावा आणि पोट ताठ करून कोपरांना आतून उलट ढकलावे. येथे पाच श्वास शांतपणे घेता आले, पोटात टोचणारी किंवा खोलवर दुखणारी वेदना झाली नाही, मळमळ वाटली नाही, तरच पुढे जावे. ही पायरी दोन-तीन आठवडे एवढीच करावी असे मी सांगतो. यात दिसण्यासारखे काही नसल्यामुळे लोक ती गाळतात, आणि नंतर कोपरे घसरतात म्हणून तक्रार करतात. वास्तविक ढिल्या पोटावर कोपर टिकणे शक्यच नसते.

तोलाचे गणित समजले की चेहरा जमिनीकडे का जातो तेही समजते. शरीर तराजूच्या दांडीसारखे कोपरांवर टेकलेले असते. उभ्या माणसाचा गुरुत्वमध्य नाभीच्या थोडा खाली असतो, आणि हा बिंदू तळव्यांच्या क्षेत्रावर राहिला पाहिजे. तो मागे गेला तर बोटांची टोके जमिनीत दाबून सावरता येते. पुढे गेला तर मात्र तळव्याच्या मुळापुढे आधाराला काहीच नसते, कारण बोटे मागे वळलेली आहेत. म्हणून मयूरासनात पडणारा माणूस तोंडावर पडतो आणि नाक, हनुवटी, पुढचे दात यांना इजा होते. कोपरे फार खाली, ओटीपोटात लागली, किंवा पाय झटका देऊन उडवले, तर असे होते. आपल्या वर्णनावरून दुसरे कारण अधिक संभवते. पाय उडवण्याची क्रिया सरावातून पूर्णपणे काढून टाकावी. या आसनात पाय उचलायचे नसतातच. धड पुढे सरकले की ते आपोआप हलके होतात.

यासाठी चार-पाच इंच उंचीचा जेवणाचा लाकडी पाट उपयोगी पडतो. तो मागे भिंतीला टेकवून, घसरणार नाही असा ठेवावा. समोर, चेहरा जेथे येतो तेथे, लोड किंवा जाड घडी केलेले घोंगडे ठेवावे. वर सांगितल्याप्रमाणे कोपरे लावून कपाळ लोडावर टेकवावे, मग एकेक पाय सरळ मागे नेऊन पायांची बोटे पाटावर ठेवावीत आणि गुडघे ताठ करावेत. आता शरीर जवळजवळ आडवे झालेले असते. उच्छ्वास सोडत धड इंचभर पुढे न्यावे, हनुवटी पुढे ताणावी आणि पायांवरचा भार कमी होतो का ते पहावे. प्रथम एकच पाय पाटावरून बोटभर उचलावा, मग दुसरा. दोन्ही पाय एकाच वेळी सुटण्याचा क्षण येतो तेव्हा त्यात झटका नसतो, आणि साधकाला स्वतःलाच आश्चर्य वाटते की जोर लावावा लागला नाही. कपाळ शेवटी उचलावे. काही आठवड्यांनी पाट काढून जमिनीवरून हाच क्रम करावा. लोड मात्र तोल पक्का होईपर्यंत काढू नये, आणि सुरुवातीच्या दिवसांत शेजारी जाणकार व्यक्ती असावी, जी पाय वर ढकलणार नाही, केवळ खांद्याजवळ हात तयार ठेवील.

श्वासाविषयी दोन मते ऐकायला मिळतात. एक श्वास रोखून ठेवण्याचे आणि दुसरे चालू ठेवण्याचे. पोट दाबलेले असल्यामुळे पोटाचा श्वास शक्य नसतो, आणि छातीच्या वरच्या भागात लहान लहान श्वास चालू ठेवणे हे शिकणाऱ्यासाठी निश्चितच सुरक्षित आहे. श्वास कोंडून जोर लावला की रक्तदाब एकदम वर जातो आणि सुटल्यावर खाली येतो. त्यात पोटावरचा दाबही त्याच क्षणी सुटत असल्यामुळे डोळ्यांपुढे अंधारी येण्याचा संभव असतो. चेहरा लालबुंद होणे, कानशिले ठणकणे, दात आवळले जाणे ही श्वास अडकल्याची चिन्हे आहेत आणि ती दिसताच खाली यावे.

खाली येण्याचा क्रम चढण्याइतकाच जपावा. आधी पायांची बोटे जमिनीवर, मग गुडघे, मग कपाळ, आणि शेवटी कोपरे पोटापासून दूर. लगेच उठून उभे राहू नये. काही श्वास गुडघ्यांवर बसूनच घ्यावेत आणि नंतर पाठीवर, गुडघे वाकवून, दोन-तीन मिनिटे पडून रहावे. पोट लगेच पुन्हा दाबले जाईल अशी आसने, उदाहरणार्थ शशांकासन (टाचांवर बसून पुढे वाकणे) किंवा पालथे झोपणे, यानंतर घेऊ नयेत. सर्वांगासन, शीर्षासन आपल्या सरावात असतील तर ती आधी करून मयूरासन शेवटाकडे ठेवावे, असे मी सुचवतो.

पहिल्या महिन्यात एका वेळी पाच ते दहा सेकंद, दोन किंवा तीन आवर्तने आणि आठवड्यातून तीनच दिवस, एवढे पुरेसे आहे. मनगटांच्या अस्थिबंधांना स्नायूंपेक्षा सावकाश बळ येते, म्हणून मधले दिवस मोकळे ठेवणे गरजेचे आहे. सांसारिक माणसाने अर्ध्या मिनिटाच्या पुढे जाण्याची आवश्यकता नाही. स्पर्धांत आणि प्रात्यक्षिकांत दिसणारा कालावधी हा त्या साधकांच्या अनेक वर्षांच्या तयारीचा भाग असतो. मल्लखांबाच्या बोंडावर, म्हणजे खांबाच्या माथ्यावर, मयूरासन करणारी मुले पाहून घरात तसा प्रयत्न करणाऱ्यांनाही माझे हेच सांगणे आहे : त्या मुलांची मनगटे आणि पोट लहानपणापासून रोज घडलेले असते आणि प्रशिक्षक शेजारी उभा असतो.

काही लक्षणांत सराव त्या दिवसापुरता थांबवून भागत नाही. अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांत मुंग्या येत असतील तर मनगटातील नस दबते आहे. अनामिका आणि करंगळी बधिर होत असतील तर कोपरामागची नस दुखावली जाते आहे. दोन्ही प्रसंगी लक्षणे पूर्ण जाईपर्यंत आसन बंद ठेवावे आणि परत येत असतील तर अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. पोटात तासन्‌तास राहणारी वेदना, उलटी, काळी शौच, जांघेत किंवा नाभीजवळ खोकताना जाणवणारा फुगवटा, यांसाठी त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. कोपरांच्या जागी त्वचेवर किंचित लाली येणे स्वाभाविक आहे. निळा डाग पडणे स्वाभाविक नाही, त्याचा अर्थ पोट ढिले होते.

आपल्या पत्नीलाही हे शिकायचे आहे आणि स्त्रियांनी मयूरासन करू नये असे कोणी सांगितले, असे आपण लिहिले आहे. गर्भावस्था, बाळंतपणानंतरचा काळ आणि पाळीचे दिवस वगळता निरोगी स्त्रीने हे आसन टाळण्याचे कारण मला दिसत नाही. स्त्रियांचा गुरुत्वमध्य सर्वसाधारणपणे किंचित खाली असतो, म्हणून कोपरे पुरुषांपेक्षा एखादे बोट खाली लावावी लागतात आणि पाय उचलायला थोडा अधिक काळ लागतो, एवढाच फरक आहे. बाळंतपणानंतर पोटाचे उभे स्नायू मधोमध विलग राहिले असतील तर मात्र आधी ते जुळून यायला हवेत. त्या फटीवर कोपरे रोवणे कोणत्याही परिस्थितीत योग्य नाही.

पद्मासन सहज येत असेल तर पद्म-मयूरासन आधी करून पाहण्यास हरकत नाही. पाय दुमडल्यामुळे मागची लांबी कमी होते आणि तोल लवकर सापडतो. परंतु पाय अडकलेले असल्याने पडताना ते सावरायला येत नाहीत, म्हणून लोड येथे अधिकच आवश्यक आहे, आणि गुडघ्यांत दुखणे असणाऱ्याने हा मार्ग घेऊ नये. बोटे डोक्याच्या दिशेला ठेवून केले जाणारे हंसासन नवशिक्यांना अनेकदा सोपे म्हणून दिले जाते. त्यात धड पुढे गेले की मनगट अधिकाधिक दुमडत जाते. आपली मनगटे आजच दुखत असल्यामुळे, मयूरासन वेदनेशिवाय जमेपर्यंत हंसासन आपल्या सरावात घेऊ नये.